पाच रकान्यांचा माणूस

पारगावात राहून हिंजवडीची नोकरी करणाऱ्या पोरांत एखादा क्रॉनशास्त्री, म्हणजे संगणकाकडून ठरल्या वेळी कामं करवून घेणाऱ्या 'क्रॉन'चा जाणकार, असतोच. घोड नदीच्या काठाला सगळीकडे ऊस, कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर, आणि हा माडीवर लॅपटॉप मांडून कुठल्याशा सर्व्हरच्या बॅकअपची वेळ लावतोय. त्याला नुसतं 'कधी?' विचारायची सोय नाही. "मिनिट, तास, तारीख, महिना, वार," असं पाढ्यासारखं म्हणत तो कागद ओढतो:

३० ५ * * *

म्हणजे रोज पहाटे साडेपाचला. चांदणी म्हणजे 'कुठलंही चालेल'. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर असलं, तर त्याच साडेपाचला पहिले दोन्ही रकाने शून्य. नवशिका मिनिटाच्या जागीही चांदणी ठोकतो आणि पाचला एकदा व्हायचं काम सहा वाजेपर्यंत साठदा होतं. असा कुणी भेटला की शास्त्रीबुवांचा दिवस सोन्याचा!

घरात मात्र विद्या चालत नाही. या आठवड्यात थ्री फेज रात्रीची, म्हणून अण्णा बॅटरी-काठी घेऊन उसाला पाणी धरायला निघतात. बिबट्याची धास्ती आहेच.

"अण्णा, मोटरीला क्रॉन लावू का?"

"अन् त्या टायमाला लाईट नसली तर?"

शास्त्री गप्प. मशीन बंद असताना हुकलेली वेळ क्रॉन मागाहून भरून काढत नाही. अण्णांचा ऑटो स्विच घड्याळ बघतच नाही; लाईट आली की मोटर चालू.

मग आजी म्हणते, "बाळा, अंगारकीला ओझरला जायचंय. फोन वाजंल असं कर."

आता आली पंचाईत. क्रॉनला तिथी कळत नाही. "बरं आजी, चतुर्थीऐवजी चार तारीख धरली आणि वार मंगळवार घातला, तरी तो दोन्ही जुळायची वाट बघत नाही. दर चार तारखेला वाजणार, शिवाय दर मंगळवारी."

"म्हंजे बारा महिने अंगारकीच की!" म्हणत आजी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवते.

तरीही १९७९ च्या युनिक्सपासून राबणाऱ्या या गड्याला बोल लावू नये. तो सांगितलं तेवढंच करतो. सांगणाऱ्याच्या मनात काय होतं, ते ओळखत नाही. तेव्हा वाचकहो, ओळ लिहिलीत की पाचही रकाने मोठ्यानं वाचा. आणि मोटरीचं मात्र अण्णांनाच विचारा.