खायचं काय, ते सांगा!

कॅन्सर होऊ नये म्हणून मी काय काय पोटात ढकललंय याची यादी केली, तर ती वाण्याच्या बिलापेक्षा लांब भरेल. उठल्या उठल्या तांब्याच्या भांड्यातलं पाणी, त्यावर गव्हांकुरांचा हिरवागार रस, जो पिताना आपण माणूस की म्हैस असा प्रश्न पडतो, मग मिरपूड घातलेलं हळदीचं दूध, ज्यानं माझे तीन सदरे आणि उशीचे दोन अभ्रे कायमचे पिवळे केले, मग लसणाच्या दोन कच्च्या पाकळ्या, ज्यांच्यामुळे एसटीत माझ्या शेजारची जागा हमखास रिकामी राहू लागली, आणि एवढं सगळं यथासांग पार पडलं की, सत्यनारायण उरकल्याच्या समाधानानं, तोंडाची चव जरा सुधारावी म्हणून एक चिमूट.

तंबाखूची.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? सरकारी कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली, पण खरी बढती मिळाली ती तंबाखूतच. दोन तोंडांची डबी, एकीकडे तंबाखू, दुसरीकडे चुना. तळहातावर चिमूट घ्यायची, नखावर आलेला चुना तिला लावायचा, अंगठ्यानं मळायचं, शेजारच्याला शिंक येईल अशा दोन थापा मारायच्या आणि खालच्या ओठामागे बार भरायचा. फायलीवर सही करायला आठवडा लावणारे साहेब बारासाठी मात्र तत्काळ हात पुढे करत. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली तेव्हा ‘बरं झालं, लोकांना शिस्तच नाही’ असं मी भाषण केलं होतं. तोंड भरलेलं असल्यानं ते कुणाला कळलं नाही. पुढे २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्रासकट इशाऱ्यानं व्यापला, तेव्हा मी पाकीट डोळे मिटून डबीत रिकामं करायला शिकलो.

व्यायामही होता हो! आठवड्याला निदान १५० मिनिटं चालावं असं वाचलं होतं. टपरीला जाऊन-येऊन पंचवीस मिनिटं लागत. सहा फेऱ्या, हिशेब पूर्ण.

मग एके दिवशी पेपरात वाचलं की आपली तीन बोटं उभी धरून तोंडात मावली पाहिजेत. न्हाणीघरातल्या आरशासमोर प्रयोग सुरू केला. अडीच बोटांवर गाडी अडली. उरलेलं अर्धं बोट आत सारण्याची खटपट चालली असताना, डोळ्यांत पाणी, कोपर खुंटीला, अशा अवस्थेत सौ. दारात उभी.

“अहो, भूक लागली असेल तर सांगायचं ना. पोहे केलेत.”

पोहे राहिले बाजूला. खालचा ओठ ओढून पाहिला, तर बार जिथे मुक्कामाला असायचा, बरोब्बर तिथेच पांढरट चट्टा. पुसला, जाईना. चुना असेल म्हणून चूळ भरली, तरी जाईना.

दाताच्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी चट्टा पाहिला, गळ्याला हात लावून गाठी चाचपल्या आणि म्हणाल्या, “काका, असा चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे, पण काही चट्टे पुढे तिकडे वळतात. तुकडा तपासायला पाठवू या. तंबाखूतच कॅन्सर करणारी द्रव्यं असतात, आणि चुना आतली नाजूक त्वचा जाळून त्यांना वाट करून देतो.”

मी वही-पेन काढलं. “बरं, मग आता खायचं काय?”

“खायचं काय ते मी सांगतच नाहीये, काका. सोडायचं काय ते सांगतेय.”

वहीत काय लिहावं ते सुचेना. जाता जाता त्यांनी दारू, सुटलेलं पोट आणि बैठी सवय यांचीही कॅन्सरशी ओळख असल्याचं सांगितलं आणि नऊ ते चौदा वयातल्या नातीला एचपीव्हीची लस देऊन घ्या म्हणाल्या. म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची भीती पुष्कळ कमी होते.

रिपोर्टला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत हळद, लसूण, गव्हांकुर, कशाचीच आठवण झाली नाही.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. मी तंबाखू सोडली आणि त्या आनंदात सुपारी दुप्पट केली. जेवणानंतर अडकित्त्यानं कातरलेली खांडं आधीपासून होतीच, आता दिवसभर. पुढच्या तपासणीला हे अभिमानानं सांगितलं, तर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ सालीच नुसत्या सुपारीला तंबाखूच्या पंक्तीला बसवलंय. आणि माझं अर्धं बोट बाहेर राहिलं ते सुपारीमुळेच. तिच्यानं तोंडाची आतली त्वचा आखडत जाते.

“अहो, पण पूजेत आपण तिलाच गणपती म्हणून मांडतो!”

“देवाला खुशाल ठेवा, काका. देव चावत नाही.”

मग तलफ मारायला निकोटिनची च्युइंगगमसारखी गोळी आली. ही म्हणे थोडी चावायची, चव झणझणली की गालात ठेवून द्यायची, पुन्हा थोडी चावायची. हे मी पाकिटावर वाचलं नाही. ज्याला पाकिटावरचं वाचायचंच नाही अशी कित्येक वर्षांची सवय, त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा? सोसायटीतल्या बापूंच्या शोकसभेला निघताना गोळी तोंडात टाकली आणि कॉलेजातल्या पोरासारखी कचाकचा चावली. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं, आणि मला उचकी लागली. एक, दोन, सात, अकरा. सगळ्या सभागृहात एवढा एकच आवाज. शेवटी मागच्या रांगेतले एक आजोबा हळहळून पुटपुटले, “बापू आठवण काढताहेत वाटतं.”

माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या सरकल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

त्याला आता वर्ष झालं. तलफ येते, पण पाच-दहा मिनिटं घोटघोट पाणी पीत बसलं की कंटाळून निघून जाते. चट्टा फिका पडलाय, तपासणी चालू आहे. डबी सौ.नं चिंचेनं घासली आणि एका बाजूला बडीशेप, दुसऱ्या बाजूला खडीसाखर भरून दिली.

परवा कचेरीतले जुने सहकारी कट्ट्यावर भेटले. म्हणाले, “तब्येत सुधारलीय की! काय घेता हल्ली?”

“काहीच घेत नाही.”

“तरीपण? हळद? गोमूत्र?”

“काहीच नाही हो. सोडलं.”

त्यांचा विश्वास बसला नाही. कुठलीतरी पुडी मी एकट्यासाठी लपवून ठेवलीय, असं पाहत त्यांनी सवयीनं हात पुढे केला. मी डबी उघडून त्यांच्या तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवली.

त्यांनी ती मळायला घेतली.

मी म्हटलं, थांबा, जोरात थापा मारू नका. मीही आधी मारत होतो. बडीशेप उडून जाते.