जुन्या कॅराव्हॅनचे परीक्षण : मांडवा धक्क्याच्या विशेष संदर्भासह

(रंगमंचावर उंच टेबल. त्यावर लोहचुंबक, टॉर्च आणि जाडजूड बाड. काळा कोट घातलेले एक विद्वान येतात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांत पावसाळी चपला. ते बाड उघडून गंभीरपणे वाचू लागतात.)

कॅराव्हॅन म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेली, दुसऱ्या मोटारीमागे अडकवून ओढत न्यायची आणि आत बिछाना, ओटा व क्वचित संडासही असलेली खोली, अशी व्याख्या येथे गृहीत धरली आहे. मुंबईकर ग्राहकाच्या व्याख्येत मात्र मांडव्याची जमीन परवडत नसल्याने चाकांवरचा बंगला घ्यावा, हा हेतू अध्याहृत असतो. भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसह मांडव्याला नेणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाल्यापासून हे अंतर तासाभरात कापले जाते, आणि तेवढ्या वेळात ग्राहकाने न पाहिलेल्या बंगल्याचे नावही ठरवलेले असते. (भावविवश होऊन) ‘सागरछाया’! (सावरून) नाव ठरल्यावर होते ते परीक्षण नव्हे, बारसे. १९९० च्या ‘अग्निपथ’मधील नायकाला मांडवा परत मिळवण्यासाठी सबंध चित्रपट खर्ची घालावा लागला, ग्राहक टोकनाची रक्कम मध्यंतराच्या आतच देऊन मोकळा होतो.

विक्रेता ग्राहकास आधी आत नेतो, कारण पडदे, रंगीत दिवे आणि अगरबत्ती आत असतात. यांपैकी अगरबत्ती ही या शास्त्रात श्रद्धेची नव्हे, तर ओलीची खूण मानली जाते; छताच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी प्लायवुडच्या थरांत मुरले की ते थर सुटतात, कुबट वास येतो आणि खिडकीखालची जमीन टाचेखाली दबते. (टाच दाबतात. पाय अडकल्याचा अभिनय.) अशा वेळी विक्रेता म्हणतो, “गुबगुबीत आहे, शेठ!”

लोहचुंबकाचा प्रयोग यापुढचा. पोलादी पत्र्यावर पुट्टीचा, म्हणजे खड्डे बुजवण्याच्या लांबीचा, जाड थर असेल तर चुंबक तेथे नीट चिकटत नाही, एवढे ऐकून आलेला ग्राहक तो सर्वांगावर फिरवतो, कुठेच चिकटत नाही म्हणून विजयी मुद्रेने वळतो, आणि गाडीचे अंग फायबरचे आहे हे त्याला विक्रेत्याकडून कळते.

खरे परीक्षण जमिनीवर आडवे पडून होते. (पडतात. कोट वर होतो. बाड पोटावर ठेवून वाचन चालूच.) समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारे मीठ लोखंडावर बसते, हवेतला ओलावा धरून ठेवते आणि त्या खारट ओलाव्यातून वीज सहज वाहत असल्याने गंजण्याची रासायनिक क्रिया वेग घेते, म्हणून चेसिसचे सांधे, पाटे आणि गाडी ओढण्याचा जोड हे अवयव, वरचा रंग कितीही ताजा असला तरी, टॉर्चच्या उजेडात पाहावेत. चेसिसवर कालच काळा रंग मारलेला आढळल्यास गाडीखालून डोके बाहेर काढताना विक्रेत्याच्या चेहऱ्याकडे अवश्य बघावे.

टायरच्या बाजूवर चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१५’ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी आणि कडांना भेगा, असा टायर दिसला की विक्रेता अभिमानाने “गाडी चाललीच नाही” असे सांगतो, वस्तुतः आरोपही तोच असतो. कागदपत्रांविषयी फार बोलण्याचे कारण नाही: ओढायच्या गाडीचीही स्वतंत्र नोंदणी असते, चेसिसवर कोरलेला क्रमांक आरसी बुकाशी अक्षरशः जुळला पाहिजे, आणि जुळला नाही तर पेणच्या आरटीओत ‘सागरछाया’ या नावाचा काडीचा उपयोग होत नाही.

(उठून कोट झटकतात.) उरला प्रश्न मुहूर्ताचा. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे बहुसंख्य ग्राहक दिवाळीनंतर, म्हणजे भेगा बुजून रंग वाळल्यावर येतात. परंतु रो-रो पावसातही चालते, आणि जुलैत आलेल्या ग्राहकास छताची पारख करण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. (छत्री उघडतात.) असाच एक ग्राहक ऐन पावसात आत शिरला असता त्यास बिछान्याच्या मधोमध भरत आलेली बादली दिसली आणि त्याने तिचे प्रयोजन विचारले.

(विक्रेत्याच्या सुरात, हात जोडून) “पाण्याची सोय आहे, शेठ. त्याचे वेगळे पैसे नाहीत.”

(पडदा.)