बदलीसाहेब

नोटीस मीच टाइप केली होती, तेव्हा पाप माझंच. 'येत्या सोमवारी कंपनीत बदल घडवण्यासाठी तज्ज्ञ येत आहेत. सर्वांनी सकाळी नऊला कँटीनमध्ये हजर राहावे.' शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. पण भोसरी एमआयडीसीतल्या माणसाला 'बदल' या शब्दापुढे दीर्घ ईकार दिसतोच, छापलेला असो वा नसो. दुपारच्या चहापर्यंत बातमी पक्की झाली: बदल्या होणार, त्याही थेट चाकणला. गुरुवारपर्यंत माझ्या टेबलावर तीन अर्ज आले होते. दोन आईच्या आजारपणाचे, एक मुलाच्या दहावीचा. सोमवारी पाहुणे आले तेव्हा वॉचमनने गेटच्या रजिस्टरात कामाच्या रकान्यात लिहिलं, 'बदलीसाहेब'. नाव पडलं ते पडलंच.

पूर्वी पन्नाशीत नोकरी सोडलेला पुणेकर वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहारातून महापालिकेला फुकट सल्ले द्यायचा. हल्ली तेच सल्ले तासाच्या दराने मिळतात. बदलीसाहेब त्यातलेच. मूळ सदाशिव पेठेतले, आता राहायला बाणेरला. एका मोठ्या कंपनीच्या एचआरमध्ये वीस वर्षं माणसांना कामावर घेतलं आणि काढलं, मग एक दिवस 'आतला आवाज' ऐकू आला. अंगात खादीचा कुर्ता, पायात पळायचे बूट, जे कधी पळालेले नाहीत. एक चष्मा कपाळावर, दुसरा गळ्यात. खिशात चार रंगांचे मार्कर. झोळीत एक पितळी वाटी. ती वाजली की सगळ्यांनी डोळे मिटून शांत व्हायचं. पहिल्या दिवशी ती वाजली तेव्हा निम्मी माणसं डबे घेऊन उठली.

आल्या आल्या त्यांनी कँटीनमधली टेबलं बाहेर काढायला लावली. टेबल म्हणजे सत्ता, म्हणाले. मग खुर्च्या गोलात मांडल्या. पुढ्यात टेबल नसलं की माणसाला हातांचं काय करावं कळत नाही, हे त्या दिवशी समजलं. ऐंशी माणसं लग्नातल्या वरपक्षासारखी हात मांडीवर ठेवून एकमेकांचे बूट न्याहाळत बसली.

"मी इथे उत्तरं द्यायला आलेलो नाही," बदलीसाहेब म्हणाले. "मी फक्त तुमच्यासाठी जागा धरून ठेवणार आहे."

"रुमाल टाकून का?" स्टोअरकीपरने विचारलं. त्याची जागा धरण्याची कल्पना स्वारगेटच्या पुढे गेलेली नव्हती.

दुसरा कुणी असता तर चिडला असता. बदलीसाहेबांनी हिरवा मार्कर काढून फ्लिपचार्टवर लिहिलं, 'रुमाल'. खाली दोन रेघा ओढल्या. या माणसाची खरी ओळख तिथे झाली. त्यांना टोमणा मारा, शिवी द्या, ते लिहून घेतात. पुढच्या भेटीला त्याची स्लाइड झालेली असते.

स्लाइडी तर अगणित. हिटलरच्या राज्यातून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन म्हणून होते, त्यांच्या नावावरचं सूत्र असं की संस्था म्हणजे बर्फ. आधी वितळवा, मग आकार बदला, मग पुन्हा गोठवा. "ही तर कुल्फी," कँटीनवाले काका म्हणाले. लिहून घेतलं. मग जॉन कॉटर यांच्या परिवर्तनाच्या आठ पायऱ्या आल्या. "अष्टविनायक!" मागून कुणीतरी ओरडलं. "आणि मधला चुकला तर परत मोरगावपासून." तेही घेतलं. मग एलिझाबेथ कुबलर-रॉस. या बाईंनी मृत्यूच्या दारातल्या रुग्णांशी बोलून 1969 मध्ये दुःखाचे पाच टप्पे मांडले: नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार. बदलीसाहेब ते आमच्या नव्या अंगठा-हजेरीच्या मशिनला लावून दाखवत होते. फोरमन गंभीरपणे म्हणाला, "साहेब, आमचं रागापर्यंत आलंय. घासाघीस पगाराच्या दिवशी करू."

नेतृत्वविकासासाठी आम्हाला मुळशीच्या रिसॉर्टवर नेलं. तिथे डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, असा खेळ होता. परचेसच्या साहेबांना झेलायला आम्ही अकाउंट्सवाले. ज्यांची बिलं आम्ही कधी झेलली नाहीत, ते देहाने आमच्या अंगावर येणार होते. ते चार वेळा मागे वळून बघून शेवटी खुर्चीत बसले. बदलीसाहेबांनी लिहिलं, 'प्रामाणिक अविश्वास'.

तिसऱ्या भेटीचा विषय होता समावेशन. सगळ्यांना भिंतीपासून दूर एका रांगेत उभं केलं. घरात वाचायला पुस्तकं होती त्यांनी एक पाऊल पुढे. आईवडिलांपैकी कुणी कॉलेजात गेलं असेल तर एक पाऊल. आडनाव सांगितल्यावर भाड्याचं घर लगेच मिळालं असेल तर एक पाऊल. बदलीसाहेबही खेळत होते. दहाव्या प्रश्नाला त्यांचं नाक कँटीनच्या मेनूच्या फळ्याला लागलं. मालक त्यांच्या खांद्याशी, मी दोन पावलं मागे. सगळ्यांच्या मागे चहाच्या मावशी. त्या जागच्या हललेल्याच नव्हत्या. "मला हितून किटली जवळ पडती," त्या म्हणाल्या. कुणी हसलं नाही. बदलीसाहेबांना वाटी वाजवायचंही सुचलं नाही.

मग ते सावरले आणि अमेरिकेतल्या कंपन्यांनी 'सामाजिक पार्श्वभूमी'चा प्रश्न कसा हाताळला ते सांगू लागले. जात हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. गंज पेठेत राहणारा आमचा वेल्डर बराच वेळ ऐकत होता. "साहेब," तो म्हणाला, "आमच्या पेठेत जोतिबांनी 1868 साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. गोल करून बसवलं नव्हतं कुणाला. पाणी घ्या म्हणाले." सदाशिव पेठेपासून गंज पेठ चालत वीस-पंचवीस मिनिटं. बदलीसाहेब तिथे बोस्टनवरून निघाले होते. त्यांनी लाल मार्कर काढला. पुढच्या भेटीला स्लाइड तयार: 'हौद मॉडेल'.

त्याच तिसऱ्या भेटीत त्यांनी त्यांची ठेवणीतली गोष्ट सांगितली. 1974 मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत लिहिलं होतं की स्त्रियांनी अर्ज करू नयेत. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. मुलाखतीचं बोलावणं आलं, नोकरी मिळाली आणि पिंपरीच्या कारखान्यात शॉपफ्लोअरवर बाई इंजिनिअर दिसली. मावशी दारात किटली घेऊन उभ्या होत्या. "एका कार्डात?" त्यांनी विचारलं. मग टेबलावरच्या पिवळ्या चिकटचिठ्ठ्यांतली एक उचलून माझ्याकडून पेन घेतलं.

संध्याकाळी बदलीसाहेब भिंतीवरच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचत होते. एक आली: 'असेंब्लीतल्या बायका जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाणी पीत नाहीत.' त्यांनी ती 'आरोग्य आणि आहार' या रकान्यात चिकटवली आणि दिवसाला तीन लिटर पाण्याचं महत्त्व सांगू लागले. बायका खाली बघत होत्या. बोलता बोलता ते थांबले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला. त्यांनी चिठ्ठी उलटली. मागे लिहिलं होतं, 'संडास आफिसच्या मागं. जाऊन येऊन साहेब घड्याळ बघतो.'

"मला कुणी बोललंच नाही," मालक म्हणाले.

मावशी चार वर्षं बोलत होत्या. मालकांना चहा देताना, दिवाळीला मिठाईचा पुडा घेताना. कारखाना कायद्याच्या कलम 19 मध्ये बायकांसाठी वेगळी, सोयीची, बंदिस्त जागा 1948 पासून लिहिलेली होती. पण चहाबरोबर आलेलं बोलणं चहाबरोबर पोटात जातं. तेच बोलणं 'भौतिक समावेशन: प्राधान्य 1' या नावाने पडद्यावर आलं आणि तीन आठवड्यांत असेंब्लीशेजारी संडास उभा राहिला. कडीसकट.

बिल माझ्याकडेच आलं. अधिक 18 टक्के जीएसटी, वजा 10 टक्के टीडीएस. आकडा सांगत नाही, पण त्यात तसले आणखी तीन संडास झाले असते. मावशींनी विचारलं, "किती दिले त्यांना?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमचं ऐकून घ्यायचं एवढं लागतं व्हय?" मी व्हाउचरवर सही केली.

सहा महिन्यांनी बदलीसाहेब पाहणीला आले. कँटीनची भिंत पिवळ्या चिठ्ठ्यांनी भरली होती. 'पंखा तीन नंबर आवाज करतो.' 'रात्रपाळीला बस हवी.' 'पोह्यात शेंगदाणे मोजून टाकू नयेत.' अक्षरं वेगवेगळी, पण प्रत्येकीखाली सही एकच: 'बदलीसाहेब'. पंखा दुरुस्त झाला होता, बसचं बोलणं चालू होतं. शेंगदाण्यांबद्दल मालकांनी विचार करायला वेळ मागितला होता.

मला वाटलं, आता ते रागावणार. बदलीसाहेब भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग फोन काढून त्यांनी सगळ्या चिठ्ठ्यांचा फोटो घेतला, मावशींना बोलावून त्यांचाही घेतला, आणि जाताना एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून चिकटवलं. ते गेल्यावर आम्ही वाचलं. 'चहात साखर कमी.' खाली सही होती, 'मावशी'.