नियमाने वागणारा चोर

चोरांनी कुठल्या नियमाने वागावं, याचा सर्वात बारकाईने विचार कायदेपंडितांनी नव्हे, तर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांनी केला असावा. फासे, कागद आणि अखंड बडबड यांवर चालणारा हा अमेरिकी खेळ १९७४ साली निघाला, तेव्हा त्यात योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू असे तीनच पेशे होते. चोर पुढच्या वर्षी ‘ग्रेहॉक’ नावाच्या पुरवणीतून आत शिरला. पुरवणीतून, म्हणजे मागच्या दारानेच.

सुरुवातीच्या चोरांची मात्र कीव येते. १९७८ च्या पुस्तकातला नवशिका चोर पाहा. सावलीत दडण्याची शक्यता १० टक्के, पाय न वाजवता चालण्याची १५, आणि भिंत चढण्याची तब्बल ८५! म्हणजे गडी सरसर वर चढणार आणि वर पोचला की सगळ्या वाड्याला जाग आणणार. एवढं करून तो कुणाच्या पाठीमागे पोचलाच, तर वार दुप्पट लागे. मुरलेल्या चोराचा तर पाचपट. अर्थात, समोरच्याला पाठ असायला हवी. या खेळात नुसत्या लिबलिबीत गोळ्यासारखे राक्षसही असतात. त्यांची पाठ कुठली, यावर भल्या माणसांनी रात्री घालवल्या असतील.

२००० साली नियम पुन्हा लिहिले गेले. वार मर्मावर लागतो म्हणून जबर, असं ठरलं. आणि सांगाड्याला मर्म नसतं म्हणून त्याला तो लागू नाही, असंही ठरलं. तर्क बिनतोड. पण थडग्यात उतरलेल्या चोराने करायचं काय? २००८ च्या आवृत्तीत सांगाड्यांनाही मर्म फुटलं. शरीरशास्त्राचं काय व्हायचं ते होवो, चोराची सोय झाली.

२०१४ च्या आवृत्तीतली खरी गंमत वेगळीच आहे. तिच्यात लपणं जमलं नाही तरी बिघडत नाही. शत्रूपासून पाच फुटांत आपला एखादा साथीदार लढत असला की छुपा वार बहुधा मिळतोच. आता या चोराचा थाट आठवा: काळा झगा, खाणावळीतला अंधारा कोपरा, कुणाशी बोलणं नाही, आईबाप लहानपणीच गेलेले. आणि लढाई सुरू झाली की हाच एकांडा शिलेदार योद्ध्याला म्हणतो, “तू जरा पुढे हो ना!”

चोर मुरत मुरत एकोणिसाव्या पातळीला पोचला की या वाराचे दहा फासे होतात, शिवाय शस्त्राचा एक वेगळा. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा हा चोरटा वार टेबलावर वाजतो, आणि मग बेरीज करायला दोघेतिघे वाकतात. बेरीज जमेपर्यंत चोर नामानिराळा झालेला असतो, कारण त्याच पाळीत पुन्हा दडायची युक्ती त्याला दुसऱ्या पातळीलाच मिळालेली असते. चिडलेला राक्षस वळून पाहतो, तर समोर योद्धा.