वर कळवतो!

कंपनीला गावकऱ्यांशी 'संवाद' साधायची हुक्की आली, की खुशाल समजावं : निर्णय कधीच होऊन गेलाय. ऱ्युसुके हामागुची या जपानी दिग्दर्शकाच्या 'ईव्हिल डझ नॉट एक्झिस्ट' (2023) मध्ये अशी एक सभा ऐसपैस दाखवली आहे. व्हेनिसला चित्रपटाने ज्युरीचं मोठं पारितोषिक पटकावलं. आपल्याकडे जनसुनावणीला बसलेल्या माणसाला ती सभा सबटायटलशिवायही कळेल.

चित्रपटातल्या टोकियोच्या कंपनीचा मूळ धंदा कलाकारांची कामं बघण्याचा. करोनाकाळातलं सरकारी अनुदान पदरात पाडायचं, म्हणून ती निघाली डोंगरातल्या गावात 'ग्लॅम्पिंग' काढायला. म्हणजे राहायचं तंबूत, पण लाड हॉटेलचे. गावकरी घोषणा देत नाहीत, संडासाच्या टाकीबद्दल विचारतात. टाकी 50 माणसांची, मुक्कामाला 64. वरच्या 14 जणांचं काय? उत्तर मिळतं, रोज थोडंच हाऊसफुल्ल असणार! गाव टाकीखालच्या उताराला, पिण्याचं पाणी विहिरीचं. याच पाण्यासाठी इथे येऊन राहिलेली उदोन शेवयांच्या दुकानाची मालकीण तेही समजावून सांगते. कंपनीची दोन माणसं नम्रपणे ऐकून घेतात. त्यांना पाठवलंय तेवढ्यासाठीच. ठरवणारे फिरकलेलेच नाहीत.

टोकियोत तोडगा निघतो. टाकीला हात लावायचा नाही. गावातल्याच ताकुमी नावाच्या माणसाला रखवालदार नेमायचं, जाताना काहीतरी भेट न्यायची.

कंपनीच्या त्या दोघांतला ताकाहाशी वाईट नाही हो. ताकुमीच्या अंगणात एक ओंडका धड फोडता आला, तर गडी नोकरी सोडून इथेच राहायच्या गोष्टी करू लागतो. उदोन खाऊन म्हणतो, अंगात ऊब आली. दुकानवाले शांतपणे सुनावतात, हे काही चवीचं कौतुक झालं नाही. पुढे ताकुमी सांगतो, तंबू येणार ते हरणांच्या वाटेवर. मग हरणांनी जायचं कुठे? जातील दुसरीकडे कुठेतरी, हे उत्तर याच भल्या माणसाचं.

शेवट सांगत नाही. तो बघून भलेभले चक्रावलेत. चित्रपटाचं नाव मात्र सभेपुरतं तंतोतंत खरं. तिथे दुष्ट कोणीच नाही. 50 जणांच्या टाकीवर 64 जण बसवायला दुष्ट माणूस लागतोच कशाला? अनुदानाची शेवटची तारीख पुरते.