काकांची दहावी-बारावी

रात्री साडेअकराला फोन वाजला आणि पलीकडून कुणी "दहावी आली!" म्हणून ओरडलं, तर ते आमचे नाणेकाका. अभिनंदन करायच्या फंदात पडू नका. मी एकदा झोपेत "किती टक्के?" विचारून बसलो. "चांदी कमीच आहे हिच्यात," म्हणून अर्धा तास ऐकावं लागलं.

काका लंडनमधल्या हॅरोत राहतात आणि रोमन सेनापती मार्क अँटनीच्या पलटणी जमवतात. इ. स. पूर्व ३२-३१ मध्ये, अ‍ॅक्टियमच्या लढाईआधी, त्याने शिपायांच्या पगारासाठी देनारियस ही चांदीची नाणी पाडली. एका बाजूला वल्ह्यांचं गलबत, दुसऱ्या बाजूला दोन निशाणांमध्ये गरुड आणि पलटणीचा आकडा. दुसरीपासून तेविसावीपर्यंत. अँटनी हरला, पण नाणी दोनशेहून जास्त वर्षं बाजारात फिरत राहिली. हिणकस म्हणून कुणी वितळवलीच नाहीत. (हिणकस माणसंही अशीच टिकतात, पण ते असो.)

गणपतीच्या आरतीनंतर काका प्रसाद घेता घेता म्हणाले, "बारावी दोनदा झाली. एक साधी, एक 'अँटिक्वे', म्हणजे जुनी." शेजारच्या बाई कळवळल्या, "क्लास लावायचा होता हो!" एकदा तर एकांच्या तेराव्याला जेवायला बसल्यावर खुशीत येऊन म्हणाले, "तेरावी मिळाली बरं का!" मी पाटावरून उठून हात धुवायला गेलो.

"आणि पहिली?" असं मात्र चुकूनही विचारू नये. "पहिलीत फसवाफसवी फार," म्हणत ते खोट्या नाण्यांचे फोटो काढतात. काकू आतून म्हणतात, "आपली पोरं कधी कितवीत होती, हे विचारा त्यांना." काका भिंग पुसत बसतात.

परवा गेलो तर अल्बम बंद होता. काकांनी तपकिरीच्या डबीतून एक नाणं काढलं. त्यांचे वडील साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीत. १९४४-४५ साली इटलीत लढले, येताना हे घेऊन आले. गलबत बुडाल्यात जमा, गरुडाची चोच गेलेली, आकडा पार पुसलेला.

आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून विचारलं, "काका, ही कितवी?"

त्यांनी नाण्यावरून अंगठा फिरवला. इतका वेळ फिरवला, की मला वाटलं उरलंसुरलं निशाणही जाईल.

"वडील कितव्या पलटणीत होते," ते म्हणाले, "तेच कधी विचारलं नाही रे मी."