अनुभव आहे, कुठे ठेवू?

निरोपसमारंभात बोलणारा प्रत्येक वक्ता एक वाक्य हमखास म्हणतो, "साहेबांच्या अनुभवाचा लाभ आता समाजाला मिळेल." समाजाला हे कुणी कळवलेलं नसतं.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले तेव्हा झाडून सगळे वक्ते हेच म्हणाले. मी बँकेत रोखपाल होते, मला असं कुणी काही म्हटलं नाही. माझा अनुभव लोकांना कधीच नको होता, रोकड हवी होती. ह्यांनी मात्र ते वाक्य जपून ठेवलं. आधी काही वर्षं एका कंत्राटदाराकडे सल्लागार म्हणून सल्ला विकला आणि मग तो फुकट द्यायचं ठरवलं. डोंबिवलीच्या आमच्या बाल्कनीत काही दिवस समाजाची वाट पाहिली. समाज येईना, तेव्हा हे स्वतःच त्याच्याकडे निघाले.

सुरुवात रक्तदानापासून केली. रक्तदानाची वयोमर्यादा पासष्ट आणि हे नुकतेच सहासष्टाव्यात शिरलेले. "नेत्रदान, देहदान चालेल," शिबिरातली मुलगी म्हणाली, "त्याला वयाची वरची अट नाही." अट नाही हे खरं, पण काम सुरू व्हायला उमेदवाराने आधी संपावं लागतं. ह्यांनी फॉर्म भरून फाईलला लावला आणि वर लिहिलं, "रुजू होण्याचा दिनांक अनिश्चित."

मग कळलं की दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक लागतात. ह्यांचं अक्षर टपोरं, तीन तास एका जागी बसायची सवय सरकारी. पण बऱ्याच परीक्षांत नियम असा, की लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थ्यापेक्षा कमी हवं. दहावीच्या मुलाला नववीतला लेखनिक चालतो, बी. ई. सिव्हिल चालत नाही. शिक्षण जास्त झालं म्हणून नापास व्हायची ह्यांची ही पहिलीच वेळ.

एका संस्थेत दृष्टिहीनांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करायची होती. तिथे वयाची अट नव्हती, पदवीची आडकाठी नव्हती. हाती कादंबरी आली. नायकाचं प्रेमपत्र ह्यांनी निविदा सूचनेच्या सुरात वाचलं. तो बिचारा "तुझ्यावाचून करमत नाही" म्हणतो आहे आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आता पुढे अनामत रकमेचा आकडा येणार. संस्थेने फार अदबीने ह्यांच्याकडे स्थापत्यशास्त्राचं एक पुस्तक सोपवलं. ते अजून कुणी ऐकायला नेलेलं नाही.

जाईल तिथे ह्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मार्गदर्शनासाठी कधी येऊ?" आणि समोरच्याचा प्रतिप्रश्नही ठरलेला, "खुर्च्या मांडायला किती वाजता याल?" आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचंच बघा. मार्गदर्शक मंडळात जागा शिल्लक नाही आणि सभागृहाचं कुलूप उघडायला माणूस मिळत नाही. अध्यक्ष बाहेर पायरीवर बसून नियोजनाचं महत्त्व सांगतात. मार्गदर्शनाच्या बाबतीत महाराष्ट्र केव्हाच स्वयंपूर्ण झाला आहे. आता निर्यातच करायला हवी.

ही निर्यातीची कल्पना ह्यांना पटली. परदेशी जाऊन सेवा करायची! रोज रात्री कॉम्प्युटरसमोर शोध सुरू झाला आणि लक्षात आलं, की ही वाहतूक एकेरी आहे आणि ती आपल्याकडे येते. जर्मनीत बॉनला १९८३ पासून 'सीनियर एक्सपर्ट सर्व्हिस' आहे. निवृत्त जर्मन इंजिनिअर, सुतार, बेकर मानधन न घेता दुसऱ्या देशांत काम शिकवायला जातात. तिथेही मार्गदर्शनच असतं, पण हाताला पीठ लागल्यावर. जपानचं सरकार एकोणसत्तराव्या वर्षापर्यंतच्या स्वयंसेवकांना बाहेर धाडतं. अमेरिकेच्या १९६१ सालच्या 'पीस कोअर'ला तर वयाची वरची मर्यादाच नाही. फक्त माणूस अमेरिकेचा नागरिक हवा आणि दोन वर्षं घर सोडायची तयारी हवी. दुसरी अट ह्यांच्या बाबतीत मी एका पायावर मान्य केली असती. पहिलीला इलाज नव्हता.

ह्याच पीस कोअरमधून एक आजी आपल्या विक्रोळीला येऊन गेल्या आहेत. लिलियन कार्टर. १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी. टीव्हीवर जाहिरात पाहिली, की इथे वयाची आडकाठी नाही, आणि बाईंनी अर्ज ठोकला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा जॉर्जियात भुईमुगाच्या धंद्यात. बाई पेशाने परिचारिका. विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्यांना आधी कुटुंबनियोजनाच्या कामाला लावलं. दोन किंवा तीन मुलं पुरेत, असं सांगायचा तो काळ आणि सांगणाऱ्या बाईंना स्वतःला चार! पुढे त्या दवाखान्यात रुग्णसेवा करू लागल्या. अमेरिकेत परतल्यावर काही वर्षांनी त्यांचा भुईमूगवाला मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला. विक्रोळीत ज्यांना त्यांनी इंजेक्शनं टोचली असतील, त्यांना केवढं वाटलं असेल!

हे खूळ त्या घराण्यातच असावं. ऑक्टोबर २००६ मध्ये ८२ वर्षांचे जिमी कार्टर 'हॅबिटाट फॉर ह्युमॅनिटी'तर्फे लोणावळ्याजवळ मळवलीला घरं बांधायला आले. एकूण शंभर घरांचा बेत. हाताखाली देशोदेशीचे स्वयंसेवक, तेही पदरचे पैसे खर्चून आलेले. पैसे भरून गवंडीकाम! आणि माजी राष्ट्राध्यक्ष कोनशिलेचा पडदा ओढून परत न जाता स्वतः बांधकामावर. मी हे मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. ह्यांनी विचारलं, "आणि पायाची तपासणी कोणी केली?"

तरी मनात कुठेतरी ते रुतलं असणार. कारण एका परदेशी संस्थेचा अर्ज कुठल्याही नागरिकाला खुला आहे असं दिसताच ह्यांनी तो भरायला घेतला. नाव, गाव, शिक्षण, अनुभव इथवर पुरवणी जोडावी लागली. पुढचा प्रश्न होता, "आपण स्वतःच्या हातांनी कोणकोणती कामं करू शकता?" हे बराच वेळ पेन चावत बसले. मग प्रामाणिकपणे लिहिलं, "सही."

उत्तर आलं नाही.

परदेशी मात्र आम्ही गेलो. मराठी निवृत्तांसाठी एक योजना कायम खुली असते आणि तिला अर्ज लागत नाही. मुलीला न्यू जर्सीत दुसरं बाळ झालं. टुरिस्ट व्हिसावर नोकरी करता येत नाही. हा नियम आम्ही काटेकोर पाळला, कारण पगार द्यायचं कुणाच्या मनातच नव्हतं. बाळाला न्हाऊमाखू घालणं माझ्याकडे आणि मोठ्या नातीला रविवारी मराठी शाळेत सोडणं ह्यांच्याकडे. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आधाराने अशा शाळा चालतात. आठवडाभर नोकरी करणारे आईबाप रविवारी बिनपगारी मास्तर होतात. ह्यांना अभ्यासक्रमावर दोन शब्द बोलायचे होते. शिक्षिकेने हातात कात्री दिली. "काका, 'म'साठी मोर करतोय. पिसं कापाल?" मी न्यायला गेले तेव्हा साहेब लहानग्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन पिसं कापत होते. एक पोर सारखं ओरडत होतं, "आजोबा, वाकडं कापलंय!" आणि हे चक्क दुरुस्त करून देत होते. इतकी वर्षं ह्यांच्या नकाशातली चूक दाखवायची कुणाची छाती झाली नव्हती.

परत आलो तो नोव्हेंबर उजाडला. पेन्शनरांच्या जगात नोव्हेंबर म्हणजे आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचा महिना. आमची सोसायटी रेल्वे, टपाल, टेलिफोनवाल्यांनी भरलेली. पूर्वी बँकेत जाऊन सही करावी लागे. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' आलं आणि अंगठा लावायची सोय झाली. पण जन्मभर भांडी घासून आणि भाकऱ्या थापून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांना यंत्र ओळखेना. आता मोबाईलसमोर चेहरा धरला आणि डोळे मिचकावले की सरकारची खात्री पटते. फक्त फोन कुणीतरी धरायला लागतो, न हलवता. धीर धरून, उजेड बघून, ओटीपी येईपर्यंत.

हे काम ह्यांनी आपणहून घेतलं. पेन्शनचा क्रमांक, आधार, चष्मा काढा, हनुवटी वर, असं करत हे दारोदार फिरतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं वय ८६, रेल्वेचं फॅमिली पेन्शन. त्यांच्याकडे मीही गेले होते.

"काकू, आता डोळे मिचकवा."

"मेल्या, साठ वर्षांपूर्वी कुणी असं म्हणालं असतं तर चाळीने त्याची हाडं मोडली असती," म्हणत काकूंनी डोळे मिटले ते मिटलेच. पाच सेकंद गेले, दहा गेले. ह्यांचा चेहरा पांढरा. "काकू! अहो काकू!"

काकूंनी एक डोळा उघडला. "आहे ना रे मी अजून?"

"आहात, आहात. पण दोन्ही उघडा. पुन्हा करावं लागेल."

"तुला ह्याचे किती देतात?"

"काही नाही, काकू."

"तरीच," काकू म्हणाल्या, "फोन किती हलवतोस! नीट धर."

कार्यकारी अभियंत्यांनी फोन दोन्ही हातांनी नीट धरला.